पऱ्याचं प्रगतिपुस्तक

सव्वीस वर्षं मी रत्नागिरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आहे. या सव्वीस वर्षांत मुलांच्या प्रयोगवह्यांवर लाल शाईने मी सर्वांत जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर 'पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये'. एकदा एका मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पेशी म्हणून हवेचा बुडबुडा पाहिला आणि तोच सुबक काढून, रंगवून, नावं देऊन आणला. मी ती वही वर्गभर फिरवून दाखवली. ती मुलगी आता जिथे कुठे असेल तिथे तिने हे वाचावं आणि पोट धरून हसावं. तिचा तो हक्कच आहे.

झालं असं की ओढ्या-नद्यांची तब्येत कशी तपासायची याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि शाळेतून कोणीतरी जायचं होतं. ज्या कामात सुट्टी बुडते ते काम आमच्याकडे आपोआप माझ्याकडे येतं, तसं हेही आलं. मी कुरकुरत गेले आणि येताना पार वेडी होऊन आले. म्हणजे बघा, पाण्याची तब्येत पाण्याला विचारायची नाही, पाण्यात राहणाऱ्यांना विचारायची. बाटलीत भरून नेलेलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. पण दगडाखाली चिकटून बसलेली अळी तिथे महिनोन् महिने राहिलेली असते. पाण्यात काही वाईटसाईट आलं की नाजूक प्रकृतीचे आधी जातात: तीन शेपट्यांची ती चपळ अळी, बारीक खडे चिकटवून अंगाभोवती घर बांधणारी दुसरी. मागे उरतात ते कशातही जगणारे, लाल अळ्या आणि दोऱ्यासारखे किडे. नाजूक मंडळींना भरपूर गुण, कोडग्यांना एक-दोन, आणि सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे ओढ्याचा निकाल. गुण आणि निकाल म्हटल्यावर माझ्यातली बाई खडबडून जागी झाली नसती तरच नवल.

आठवड्याभरात मी सामान जमवलं. जाळी, भिंग, भुवया कोरायचा चिमटा, आणि पाहुण्यांना फराळ द्यायचा पांढराशुभ्र ट्रे. ट्रे गेल्याचं नवऱ्याला पुढे पाहुणे आले तेव्हा कळलं, तोवर त्यात गोगलगायी फिरून आल्या होत्या. तो म्हणाला, आता आपल्या मागच्या गटाराचीही एक चाचणी परीक्षा घे. मी लक्ष दिलं नाही. थोर कामाला घरचा आहेर मिळतोच.

परीक्षेला बसवायला मी पऱ्या, म्हणजे आमच्याकडचा डोंगरओढा, निवडला तो माझ्या माहेरचा. पावसच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे. वर सडा, म्हणजे उघडा कातळमाळ, सड्याखाली आंब्याच्या बागा, त्याच्या खाली घरं, आणि या सगळ्यांच्या मधून येणारा पऱ्या. बारमाही म्हणावा तर उन्हाळ्यात करंगळीएवढी धार, पण वाडीच्या विहिरी त्याच्याच जिवावर. मधली सगळ्यात मोठी बाग एका वयस्कर बागवाल्यांची, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्या बागेचं फवारणीपासून काढणीपर्यंतचं सगळं काम माझा चुलतभाऊ करतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणते. दादा शाळेत नववीपर्यंत टिकला. मोहोराकडे बघून तो तुडतुडा आलाय की नाही ते सांगतो, पण चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पहार लावावी लागेल. ती बाग हाच त्याचा संसार.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी माहेरी उतरले. नियमाप्रमाणे तीन ठिकाणी नमुने घ्यायचे होते: बागांच्या वर, मध्ये आणि वाडीखाली. पण वर जायचं म्हणजे करवंदीच्या जाळ्यांतून घाटी चढायची, पायात नवी सँडल, आणि एकच्या एसटीने परत निघायचं होतं. मग मी स्वतःला समजावलं, की भाताची परीक्षा शितावरून होते. पाखाडीच्या पायऱ्या जिथे पऱ्यात उतरतात तिथे, अगदी सोयीच्या जागी, मी जाळी लावली आणि दगड उलटायला सुरुवात केली. दगड फारसे नव्हतेच. गाळ आणि वाळू होती. ट्रेमध्ये काय आलं, तर लाल अळ्या, लाल अळ्या, चार दोरे आणि एक गोगलगाय.

खरं तर वाईट वाटायला हवं होतं. हा पऱ्या माझ्या बालपणाचा, यातच मी पोहायला शिकले. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी मोठा आजार सापडावा तसा. मी वीस पावलं वर गेले, बंधाऱ्यावर ऐसपैस बसले, पाण्यात पाय सोडले आणि फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता: 'गेल्या महिन्याभरात प्रवाहाच्या पात्रात काही काम झाले आहे काय?' मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, नाही. पुढचा रकाना संभाव्य कारणाचा. वर बाग, बागेत फवारणी, खाली मेलेला पऱ्या. लिहून टाकलं, 'फवारणीचे पंप प्रवाहात धुतले जाणे'. मी पंप धुताना कोणाला पाहिलं नव्हतं. कोणी मला सांगितलंही नव्हतं. पण उत्तर इतकं बरोबर दिसत होतं की पडताळा घ्यायची गरजच वाटली नाही.

डिसेंबरात ग्रामसभा होती. मी मोठ्या कार्डशीटवर पऱ्याचं प्रगतिपुस्तक तयार करून नेलं. वर पऱ्याचं चित्र, खाली गुण, आणि शेवटी माझ्या आवडत्या लाल शाईत 'नापास'. दहा मिनिटं बोलायचं होतं, मी पस्तीस बोलले. नाव कोणाचंच घेतलं नाही, मी काय इतकी असंस्कृत आहे का? फक्त म्हटलं, फवारणीचे पंप पऱ्यात धुतल्यामुळे ही पाळी आली. आमच्या भागात पंप घेऊन फिरणारा एकच माणूस. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. दादा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. तो काही बोलला नाही आणि मी मनात म्हटलं, बोलणार काय, चोराच्या मनात चांदणं.

काकांच्या घरचं पिण्याचं पाणी पऱ्याकाठच्या विहिरीचं. ते तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, की बाई शिकलेल्या आहेत, त्या सांगतात म्हणजे खरंच असणार, या मोसमापासून फवारणीला बाहेरची टोळी बघतो. फवारणी गेली म्हणजे राखण गेली, काढणी गेली, सगळंच गेलं. पंधरा दिवसांत दादा जयगडला बंदरावर कामाला लागला. चौपन्न वर्षांचा माणूस, तिथेच चार जणांत खोली, आठवड्याने घरी. दादाची आई, म्हणजे माझी काकू, मला एका शब्दाने बोलली नाही. पण दर वेळी निघताना ती माझ्या हातात एक पिशवी देते: आमसुलं, दोन नारळ, कधी अळूची जुडी. सभेच्या दिवशी निघताना पिशवी नव्हती.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यावर माझ्याकडे औषध होतं, मी खरं बोलले होते ना! सत्य कडू असतं, असं मी घरी जेवताना नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, कारलंही कडूच असतं, पण त्यासाठी कोणी भावाला घराबाहेर काढत नाही. मी ताट उचलून आत गेले आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

जानेवारीच्या मध्यावर दुसरा नमुना घ्यायचा होता. मी मनाशी सगळं ठरवूनच गेले होते: पंप धुणारा गेला, आता पऱ्या सुधारलेला दिसणार, आणि मग दादाला आणि काकूलाही कळेल की हे सगळं भल्यासाठीच होतं. त्याच सोयीच्या जागी मी जाळी लावली. ट्रेमध्ये पुन्हा लाल अळ्या. पुन्हा तेच दोरे. शिकवणी लावूनही नापास होणाऱ्या मुलाचा यावा तसा मला पऱ्याचा राग आला. वाकून वाकून कंबर मोडली होती. तेवढ्यात काकू धुण्याची बादली घेऊन पाखाडी उतरली. कितीतरी वेळ ती नुसती बघत उभी राहिली.

"काय शोधतेस गो बाय?"

दगडाखालचे किडे शोधते आहे, असं मी सांगितलं. चांगल्या पाण्यात असतात ते, तुमच्या पऱ्यात उरलेच नाहीत.

"मग इथं काय गावणार तुला? इथले दगड आम्ही बंधाऱ्यात घातले की."

मी तशीच वाकलेली राहिले. दर वर्षी पाऊस सरला की आमची वाडी बंधारा घालते. घरटी एक माणूस येतो, पाखाडीखालच्या पात्रातले सगळे दगड उचलून वीस पावलं वर रचतो, फटींत चिखल आणि पेंढा ठासतो. हे मला काकूने सांगायची गरज नव्हती. फ्रॉकच्या ओच्यात दगड घालून मीही ते वाहिले आहेत. या वर्षीचा बंधारा वाडीने मी नमुना घ्यायच्या पंधरा दिवस आधी घातला होता, आणि त्याच बंधाऱ्यावर बसून, पाय हलवत, मी लिहिलं होतं की पात्रात काही काम झालेलं नाही. बाहेरचा माणूस असता तर त्याने पहिल्या फटक्यात विचारलं असतं, ही भिंत कधी बांधली? मला ते काम वाटलंच नाही. आमच्या डोळ्यांना बंधारा म्हणजे पऱ्याचाच भाग, दिवाळीनंतर तो तिथे असायचाच.

 मी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गेले, जिथे फटींतून पाणी झुळुझुळु पाझरत होतं, आणि एक दगड ओढून उलटा केला. तीन शेपट्यांच्या अळ्या दगडावरून सैरावैरा धावल्या. बाजूला खड्यांची इवली घरं चिकटलेली. चिंचोक्याएवढी चपटी एक अळी, जिला माझ्या तक्त्यात पैकीच्या पैकी गुण आहेत आणि जी मी त्याआधी फक्त चित्रात पाहिली होती. सगळी हुशार मुलं दगडांसकट बंधाऱ्यात जाऊन बसली होती, आणि मी रिकाम्या वर्गाची परीक्षा घेऊन निकाल लावला होता.

तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण मला हाव सुटली. दुसरा दगड काढला, तिसरा काढला, प्रत्येकाखाली कोणी ना कोणी होतंच. सहावा दगड कळीचा निघाला. आधी चिखलाचा एक लपका सुटला, मग पाण्याने वाट केली आणि अर्धा बंधारा माझ्या अंगावर आला. मी धपकन खाली बसले. फराळाचा ट्रे तरंगत तरंगत वाडीच्या दिशेने निघून गेला. काकू हसली नाही. तिने बादली काठावर ठेवली, मला हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, "हां. आता मोज."

बंधारा पुन्हा घालायला पुढच्या रविवारी वाडीला यावं लागलं. घरटी एक माणूस. कोणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही, उलट बाई तुम्ही सावलीत बसा म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. दादाही जयगडहून आला होता. आल्या आल्या त्याने लेंगा वर खोचला आणि पाण्यात उतरला. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, की माझी चूक झाली, मी नीट बघितलं नाही, तुझ्यावर खोटा आळ आला.  दादा माझ्या मागच्या दगडाकडे बघत होता. "असू दे," म्हणाला, आणि तो दगड मागितला.

पण असू देऊन भागणार नव्हतं. आळ सभेत घातला होता, तो सभेतच काढायला हवा होता. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी दुसरं प्रगतिपुस्तक घेऊन गेले. पऱ्या पास, परीक्षक नापास, असं लिहिलं होतं त्यावर. लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मग आता पाणी प्यायचं की नाही ते सांगा. पहिल्यांदाच मी जेवढं माहीत होतं तेवढंच बोलले: किडे पऱ्याची तब्येत सांगतात, पिण्याचं पाणी प्रयोगशाळेतच तपासावं लागतं, आणि हे मी मागच्या वेळीच सांगायला हवं होतं. काकांनी मान हलवली. ठरलेली फवारणी टोळीला उरकू दिली आणि फेब्रुवारी उजाडता उजाडता दादाला फोन करून बोलावून घेतलं. गेलेले दोन महिने मात्र गेलेच. बंदरावर उचल-ठेव करून त्याचा उजवा खांदा धरला होता, अजून तो हात डोक्याच्या वर जात नाही.

राहिला होता वरचा नमुना. तो घेतल्याशिवाय मला चैन पडेना. फेब्रुवारीतल्या एका रविवारी जुने बूट घालून मी दादाबरोबर घाटी चढले. करवंदीने साडी फाडली, दोनदा बसकण मारली, तो दर वळणावर मुकाट्याने थांबला. बागांच्या वर पऱ्याची धार बारीक झाली होती पण काचेसारखी होती, आणि दगडाखाली सगळी मंडळी सुखरूप होती. मी प्रत्येक दगड होता तसा, होता तिथे परत ठेवला. फॉर्मवर एकही रकाना अंदाजाने भरला नाही.

उतरताना बागेच्या कडेला, पऱ्यापासून चांगलं लांब, मला एक खड्डा दिसला. आत शेण, राख, पालापाचोळा. शेजारीच मातीने बुजवलेली दुसरी जागा होती. हे काय, म्हणून विचारलं.

"पंप धुवायचा खड्डा. तूच सांगितलं होतंस एका गणपतीत, पऱ्यात धुऊ नको, शेणाराखेत जिरव. झाली की दहा-बारा वर्षं."

मला काही आठवेना. गणपतीत माहेरी आले की मी सगळ्यांनाच काही ना काही शिकवत असते. दहा-बारा वर्षं हा माणूस पाण्याचे कॅन खांद्यावरून घाटी चढवून पंप इथे धुतोय, आणि मी खाली कार्डशीट रंगवत होते.

"मग सभेत का बोलला नाहीस?"

"तू सांगत होतीस म्हणजे बघून सांगत असशील. मला वाटलं, माझाच खड्डा झिरपत असेल. म्हणून तो बुजवला आणि हा खणला."

"कधी?"

"सभेनंतर. जयगडला जायच्या आधी आठ दिवस होते मोकळे."

"अरे, पण तेव्हा तुझं काम गेलं होतं ना?"

"हो. पण टोळी येणार होती. ती पंप कुठे धुणार? जायच्या आदल्या दिवशी त्यांना दाखवून गेलो."

एवढं बोलून तो पुढे उतरायला लागला. मी तिथेच उभी राहिले. खड्डा कंबरभर खोल होता. बागेच्या त्या कडेला वीतभर माती आहे, खाली सगळा जांभा दगड, आणि जांभ्यात पहारीने कंबरभर खणायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, मी त्याच वाडीची आहे.